स्पॅनिशमध्ये ‘तिला’ म्हणजे कधी ‘ला’, कधी ‘ले’

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला ‘मे गुस्ता’ पटकन जमतं. रचना थेट ‘मला आवडतं’ची आहे: आवडणारी वस्तू कर्ता, आपण ‘मला’. पण हाच ‘-ला’ प्रत्यय लगेच फसवतोही.

‘मारियाला पाहिलं’ आणि ‘मारियाला पत्र दिलं’, दोन्हीकडे आपला प्रत्यय एकच. स्पॅनिशमध्येही नावाआधी दोन्हीकडे ‘आ’ येतो: ‘वी आ मारिया’, ‘ले दी ला कार्ता आ मारिया’. (नाव असूनही तो ‘ले’ राहतो, पुनरुक्ती वाटली तरी गाळू नका.) नाव काढलं की फरक उघडा पडतो. पाहिलं कुणाला? मारियालाच. ती प्रत्यक्ष कर्म, म्हणून ‘ला वी’. दिलं काय? पत्र. मारिया फक्त घेणारी, म्हणून ‘ले दी ला कार्ता’.

ही परीक्षा मराठी वाक्यावर घेतली की घोटाळा होतो. ‘तिला फोन केला’, ‘तिला मदत केली’ यांत आपल्याकडे फोन आणि मदत ही कर्मं आहेत. स्पॅनिशमध्ये ‘यामार’ आणि ‘आयुदार’ या एकेका क्रियापदातच ते सगळं येतं आणि प्रत्यक्ष कर्म माणूस होतो: ‘ला यामे’, ‘ला आयुदे’. ‘तिची वाट पाहिली’ हेसुद्धा ‘ला एस्पेरे’. उलट, विचारण्याच्या ‘प्रेगुन्तार’ला ‘ले’च हवा: ‘ले प्रेगुन्ते’. म्हणून वहीत नुसतं क्रियापद लिहू नका, सर्वनामासकट लिहा.

कानावरही पूर्ण भरवसा नको. स्पेनमध्ये पुरुषाबद्दल ‘लो वी’ (त्याला पाहिलं) याऐवजी ‘ले वी’ सर्रास ऐकू येतं, आणि एका पुरुषापुरतं ते रॉयल स्पॅनिश अकादमीला मान्यही आहे. शिकताना मात्र ‘लो’च धरावा.

दोन्ही सर्वनामं एकत्र आली की आधी घेणारा, मग वस्तू: ‘मे लो दियो’, त्याने मला ते दिलं. ‘ले’ किंवा त्याचं अनेकवचन ‘लेस’ यापुढे ‘लो, ला’ किंवा त्यांची अनेकवचनं ‘लोस, लास’ आलं, तर पहिल्याचा ‘से’ होतो. पत्र तिला दिलं: ‘से ला दी’. इथला ‘ला’ पत्राचा, कारण ‘कार्ता’ स्त्रीलिंगी; मराठीतलं नपुंसकलिंग विसरा. ‘से’वरून तो, ती की ते हे कळत नाही. गरज पडली तर शेवटी ‘आ एया’ (तिला) जोडा.

जोडी चालवलेल्या क्रियापदाआधी सुटी येते. होकारार्थी आज्ञेत ती शेपटाला चिकटते: ‘दीमेलो’, मला ते सांग. नकारात पुन्हा पुढे: ‘नो मे लो दीगास’. दोन क्रियापदं असतील तर दुसऱ्याच्या मूळ रूपाला चिकटवा किंवा पहिल्याआधी ठेवा: ‘मला ते तिला विकत घेऊन द्यायचंय’ यासाठी ‘किएरो कोम्प्रार्सेलो’ आणि ‘से लो किएरो कोम्प्रार’ दोन्ही बरोबर. मधोमध ‘किएरो से लो कोम्प्रार’ चूक. चिकटवल्यावरही आघात मूळ जागीच राहतो, म्हणून ‘दीमेलो’तल्या ‘दी’वर आणि ‘कोम्प्रार्सेलो’तल्या ‘प्रा’वर आघातचिन्ह लिहावंच लागतं.