कुठला कॅम्प?

उल्हासनगर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं "मार्केट" सांगून भागत नाही. "कुठला कॅम्प?" हा प्रश्न येतोच. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत ठेवलं. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. सगळं सोडून आलेल्या माणसांच्या गावाला उल्हास! ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलं असेल बहुतेक. लोकांच्या तोंडी मात्र अजून कॅम्प एक ते पाचच आहेत.

गंमत म्हणजे उल्हास नदी गावाच्या कडेनं जाते. वस्तीतून वाहते ती वालधुनी. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणारी ही नदी इथवर येईपर्यंत नाला होते. कारखान्यांनी आणि जीन्स रंगवणाऱ्यांनी तिची काय दशा केली, ते पुलावर नाकाला रुमाल लावला की कळतं. तिचं नाव कुणी गावाला देणार नाही.

बाकी गल्लीबोळात धंदा जोरात. एका पोटमाळ्यावर चार शिलाई मशिनी, खाली जीन्सचे ढीग, आणि एक पोरगा मांडी घालून कात्रीनं नुसते धागे छाटतोय. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद दुकानदारानं स्वतःच ऐकवला.

साडेचारशेची जीन्स तीनशेला आणली. बायको म्हणतेय, अडीचशेला दिली असती.