पुनर्विवाहानंतर फौजी पेन्शन: माझा अनुभव

दुसऱ्या लग्नाचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने एकच सल्ला दिला: लग्न कर, पण नोंद करू नकोस, पेन्शन जाईल. आमच्या सातारा भागात घरटी एक फौजी, त्यामुळे पेन्शनचे जाणकारही घरोघरी. एका काकांनी तर ठासून सांगितलं की दिराशी लग्न केलंस तरच पैसे चालू राहतील. तशी अट होती खरी, पण शौर्यपदकाच्या भत्त्याला. २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तीही काढून टाकली. आणि माझ्या मुलाच्या बाबांना पदक नव्हतंच. ड्यूटीवर असताना त्यांची गाडी दरीत गेली होती.

चोरून संसार करायचा नव्हता, म्हणून थेट सैनिक बोर्डात, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी कार्यालयात गेले. तिथले कल्याण संघटक स्वतः निवृत्त सुभेदार. माझं सगळं ऐकायच्या आधीच म्हणाले, "ताई, पीपीओ आणलाय का?" पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. तो कागद उलगडून त्यांनी पेन्शनच्या प्रकारावर बोट ठेवलं: स्पेशल फॅमिली पेन्शन. मृत्यू सेवेमुळे झाल्याचं मान्य झालं की ही मिळते, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. पुनर्विवाहानंतरही आई मुलाला सांभाळत असेल तर ती पूर्ण चालू राहते. मूल नसेल तरीही राहते. सांभाळत नसेल तर मात्र तिला साधी फॅमिली पेन्शन आणि मुलाचा वाटा वेगळा.

साध्या फॅमिली पेन्शनचं गणित निराळं. माझ्या मैत्रिणीचे मिस्टर रिटायर झाल्यावर आजारपणात गेले. तिने लग्न केलं तर तिची पेन्शन थांबेल आणि मुलीला मिळेल, तेही मुलगी कमावती होईपर्यंत किंवा मुलीचं लग्न होईपर्यंतच. तिला मूल नसतं, तर पेन्शन तिचीच राहिली असती. फक्त इतर उत्पन्नाची मर्यादा लागली असती. एकाच गल्लीतल्या दोघी विधवा, नियम दोन! मला हे आजही पटत नाही.

ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद केली. तो दाखला, मुलाचं शाळेचं बोनाफाईड आणि 'मुलाचा सांभाळ मीच करते' असं प्रतिज्ञापत्र जोडून सैनिक बोर्डामार्फत फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं. प्रत्येक कागदाची पोच घेतली. पुढे विचारणा झाली तेव्हा त्या पोचांनीच निभावलं.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला गेले, तर केंद्रावरच्या पोराने पुनर्विवाहाच्या रकान्यात न विचारताच 'नाही' टाकलं. 'हो' कर म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिला. "पेन्शन थांबेल हं मॅडम." थांबली नाही.

आडनाव मी बदललं नाही. आधार, पॅन आणि फौजी पेन्शनचं स्पर्श पोर्टल, तिन्हीकडे एकच नाव असलेलं बरं. यांचीही त्याला हरकत नव्हती. आणखी एक, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या जवानाच्या विधवेला पुनर्विवाहासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. अर्जाला मुदत असते, तेव्हा लग्नाची नोंद झाली की लगेच विचारून घ्या.