दोन एकर, सात वारस आणि अनुदानाची फाइल

ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरच्या अनुदानासाठी आम्ही अर्ज केलाय, त्यावर गेल्या मंगळवारी परत त्रुटीपत्र आलं. तिसरं. आण्णांनी चष्मा न लावताच विचारलं, "आता काय पायजे त्यांना?" म्हटलं, सातबाऱ्यावरच्या सगळ्या वारसांची संमती पायजे. आण्णा काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले. वारस सात आहेत, त्यातले तीन मुंबईला, एक सुरतेला, आणि एका चुलत्याशी आमचं बोलणं बांधावरून बंद आहे.

तर झालं असं. कराडच्या थोडं बाहेर आमच्या नऊ गाड्या आहेत, बहुतेक दहा आणि बारा टायर. साखर, सिमेंट, खत, परतीला चिपळूणकडनं मिळेल ते भाडं. या नवातल्या दोन-तीन गाड्या वर्षभर आलटूनपालटून दारात उभ्याच असतात. भाडं आहे, हप्ता चालू आहे, ड्रायव्हर नाही. देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत असं गडकरी जाहीर सांगतात, त्यातले तीन आमच्या अंगणात कमी आहेत एवढंच.

पूर्वी ड्रायव्हर तयार करायची काही योजनाबिजना नव्हती. पोरगं क्लीनर म्हणून लागायचं, टायर बदलायचं, काच पुसायचं, उस्तादाच्या, म्हणजे जुन्या ड्रायव्हरच्या, शिव्या खायचं, आणि दोन-तीन वर्षांनी कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्याला उस्ताद म्हणायचा बस इकडं. आता क्लीनरच मिळत नाही, तर ड्रायव्हर कुठून येणार. त्यात हेवी लायसन्सला वय २० पूर्ण पाहिजे, आधी वर्षभर लाइट लायसन्स पाहिजे, आणि नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लाइट लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालाची गाडी चालते असं सांगितल्यापासून पोरं पिकअपवरच खूश आहेत. चुकीचं नाही त्यांचं. संध्याकाळी घरी येतात, हेवीवाला आठ-आठ दिवस येत नाही.

मी बीकॉम, ऑफिस माझ्याकडे, त्यामुळे 'सरकार पैसे देतंय' असं कुठे दिसलं की ते माझ्याच टेबलवर येतं. २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची योजना आली होती, प्रत्येक जिल्ह्यात ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटर, खर्चाच्या निम्मे पैसे सरकार देणार, जास्तीत जास्त १ कोटी. तेव्हा आम्ही नुसतंच वाचलं. मग २०२१ ला मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, १ जुलैपासून लागू, आणि तिथून आमच्या डोक्यात किडा वळवळायला लागला कारण अशा केंद्रातून पास झालेल्या पोराला आरटीओत परत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. चार ट्रान्सपोर्टवाले मिळून संस्था काढू, केंद्र टाकू, पोरं आपल्यालाच मिळतील, असा साधा हिशोब. (योजनेचे आकडे नंतर बदललेत, तेव्हा कुणी भरणार असाल तर माझ्या पोस्टवर जाऊ नका, मंत्रालयाच्या साइटवर आजची मार्गदर्शक तत्त्वं वाचा.)

पहिला दणका जागेचा. हेवीचं शिकवायचं तर २ एकर पाहिजे, फक्त लाइट असेल तर १ एकर भागतो. आमच्याकडे रस्त्याला लागून सलग २ एकर म्हणजे ऊस. उसाचं रान मोडून तिथे ट्रॅक करा असं कुठल्या शेतकऱ्याला सांगायची सोय आहे का? शेवटी आण्णांनी आमच्याच वाट्याचं मुरमाड माळ काढून दिलं, जिथं कुसळाशिवाय काही येत नाही. पण वाटा म्हणजे तोंडी वाटा. कागदावर अजून आजोबांचे सगळे वारस एकत्र नांदतायत.

दुसरा दणका हिशोबाचा, आणि हा नीट समजून घ्या कारण इथेच सगळे फसतात. अनुदान म्हणजे आधी आपला पैसा. निम्मे ते देणार म्हणजे निम्मे आपण घालायचे हे तर झालंच, पण त्यांचे निम्मेसुद्धा एकदम खात्यावर पडत नाहीत. हप्त्याने येतात, आलेला हप्ता खर्च केल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने द्यायचं, मग पुढचा. मधल्या काळात सिमेंटवाला थांबत नाही, सिम्युलेटरवाला (गाडी चालवल्याचा सराव जागेवर बसून देणारं मशीन विकणारा) तर अॅडव्हान्स घेतल्याशिवाय बोलत नाही. बँकेत गेले तर तिथले साहेब म्हणाले, अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आणा मग कर्ज बघू, आणि अर्जात विचारतात तुमच्या वाट्याचे पैसे कुठून आणणार ते दाखवा. बसा फिरत. एका कन्सल्टंटने प्रकल्प अहवाल करून द्यायचे तीन लाख सांगितले, मी नको म्हटलं आणि अडीच महिने रात्री बसून एक्सेलमध्ये स्वतः केला. तो बरा झालाय, अजून तरी आकड्यांवर एकपण त्रुटी निघाली नाही, सगळ्या जमिनीच्या कागदांवरच.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. आमच्याकडे एक मामा आहेत, एकतीस वर्षं गाडीवर, कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल त्याची गणती नाही. गाडी उताराला लागायच्या आधीच गिअर पाडतात. नवीन पोरं डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, मग नुसत्या ब्रेकवर सगळं वजन येतं, लायनर तापतात आणि शेवटी पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या तेव्हा न्यूट्रलची चर्चा टीव्हीवर झाली, मामा ती चर्चा आमच्या गाड्यांवर वीस वर्षं करतायत, त्यात शिव्या थोड्या जास्त असतात. मी अर्जात प्रशिक्षक म्हणून पहिलं नाव त्यांचंच लिहिलं. मग नियम वाचला, प्रशिक्षक बारावी पास पाहिजे. मामा चौथी. गंमत म्हणजे ट्रक चालवायला आठवी पासची अट होती ती २०१९ ला काढून टाकली, म्हणजे मामा चालवू शकतात, शिकवू शकत नाहीत. अट अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, वर्गात बसवून कायदा, चिन्हं, प्रथमोपचार शिकवायला शिकलेला माणूस लागतोच. पण घाट कोण शिकवणार? मी आता मामांना 'कार्यशाळा सहाय्यक' दाखवलंय. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, क्लीनरच केलं की मला परत."

आणि खरी अडचण तर वेगळीच निघाली, कुठल्याच त्रुटीपत्रात नसलेली. हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत. मी खूश होते, तीन वर्षांचं क्लीनरपण सहा आठवड्यांवर आलं. गावातल्या पाच-सहा पोरांना बोलावून चहा पाजला, सगळं समजावलं, ट्रॅक कसा असणार, सिम्युलेटर कसा असणार. एकाने सरळ विचारलं, सहा आठवडे रोज यायचं तर घरी पैसे कोण देणार? तो शेडवर हजेरीने जातो, आई-बापाचं त्याच्यावर आहे. सगळी माझ्याकडे बघायला लागली. क्लीनर होता तेव्हा शिव्या खात होता, पण जेवण आणि भत्ता रोजचा होता की. मी भरत असलेल्या फॉर्ममध्ये इमारत आहे, ट्रॅक आहे, सिम्युलेटर आहे, प्रोजेक्टर आहे, शिकणाऱ्या पोराच्या सहा आठवड्यांच्या चुलीचा रकाना नाही. फी तर आम्ही माफच करणार होतो, पण माफ केलेल्या फीने पोट भरत नाही.

आण्णा म्हणतात, चारही ट्रान्सपोर्टवाल्यांनी महिन्याला थोडं थोडं काढून भत्ता द्यायचा, पोराने पुढे दोन वर्षं आपल्याच गाडीवर राहायचं. बाकी दोघं तयार आहेत, तिसरा म्हणतो शिकून पोरगं पळालं तर? पळेल पण. माझं म्हणणं, पगार नीट दिला तर कशाला पळेल, पण हे बोलले की बैठकीत सगळे एकदम मोबाइल बघायला लागतात.

तोवर मी सहा वारसांची संमती जमवलीय, सुरतवाल्या काकांनी स्टॅम्पपेपर कुरिअरने पाठवला, मुंबईच्या दोन आत्यांनी सही करताना माहेरच्या साडीची आठवण काढली, ती दिली. राहिले ते बोलणं बंद असलेले चुलते. काल संध्याकाळी आण्णा धुतलेला शर्ट घालून, मामांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेले. मला येऊ नको म्हणाले. नऊ वाजले तरी आले नव्हते, आईने दोनदा आमटी गरम केली.