सांगलीहून कोचीच्या बिनालेला: पाण्यात उतरून पाहिलेली कला

केरळातील कोची येथे साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिनाले या कलाप्रदर्शनाच्या तिसऱ्या आवृत्तीला, म्हणजे १२ डिसेंबर २०१६ ते २९ मार्च २०१७ या काळात भरलेल्या प्रदर्शनाला, आम्ही सांगली-मिरजेकडील काही चित्रकला शिक्षक मिळून गेलो होतो. मुंबईचे सुदर्शन शेट्टी त्या आवृत्तीचे क्युरेटर, म्हणजे कलावंत निवडून प्रदर्शन आखणारे, होते आणि त्यांनी चित्रकार-शिल्पकारांच्या जोडीला कवी व कादंबरीकारांनाही मांडणशिल्पे, म्हणजे एखादी जागाच व्यापून उभारलेल्या कलाकृती, करण्यास बोलावले होते. बिनाले दर वेळी नव्याने उभी राहते, त्यामुळे येथे वर्णिलेल्या कलाकृती आता तेथे दिसणार नाहीत; परंतु अशी कला पाहावी कशी, हे त्यांनीच आम्हांला शिकवले.

मुख्य स्थळ होते फोर्ट कोचीतील अ‍ॅस्पिनवॉल हाऊस, समुद्राकाठचे जुने व्यापारी आवार. तेथे स्लोव्हेनियाचे कवी आलेश श्तेगेर यांनी शेण्यांनी मढवलेला पिरॅमिड उभारला होता. शेणीचे अप्रूप आमच्यापैकी कोणालाच नव्हते, त्यामुळे सगळे हसत आत शिरले; पण आतली वाट इतकी काळोखी होती की भिंत चाचपतच पुढे सरकावे लागे, आणि त्या अंधारात ओव्हिड, दान्ते, ब्रेख्त, दरवीश अशा देशोधडीला लागलेल्या कवींच्या ओळी कानावर पडत. कमिल नॉर्मेंट यांची लाकडी बाके पाण्याकडे तोंड करून मांडलेली होती. बसले की मानवी गुणगुणण्याची थरथर लाकडातून थेट अंगात उतरत असे.

सर्वांत खोल परिणाम झाला तो चिलीचे कवी राउल झुरिता यांच्या ‘वेदनेचा समुद्र’ या मांडणीचा. गोदामाच्या लांबलचक दालनात पोटरीइतके समुद्राचे पाणी भरलेले होते. चपला काढायच्या, विजारी दुमडायच्या आणि पलीकडच्या भिंतीवरील कवितेपर्यंत चालत जायचे. पहिल्या काही पावलांत पाणी उडवावेसे वाटते, मोठी माणसेही एकमेकांकडे पाहून हसतात. मग बाजूच्या भिंतींवरचे, ऐकू येत नाही का, दिसत नाही का, अशा आशयाचे प्रश्न दिसू लागतात आणि शेवटच्या भिंतीशी कळते की कविता गालिप कुर्दीसाठी आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये समुद्रात बुडालेल्या आलान या सीरियन बालकाचे छायाचित्र जगाने पाहिले. त्याच दुर्घटनेत गेलेला त्याचा थोरला भाऊ गालिप मात्र कोणाच्या नजरेस पडला नाही. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले होते, ते आमचे सहकारी तेथून बराच वेळ हलले नाहीत. अशा कलेला ‘नुसती गंमत’ म्हणून मोडीत काढणे मला अजिबात मान्य नाही; पाण्यात उतरण्याची गंमत नसती, तर त्या भिंतीपर्यंत फारसे कोणी गेलेच नसते.

म्हणून पुढे जाणाऱ्यांना माझा आग्रह आहे की शेजारचा माहितीफलक आधी वाचू नये. जे करायला सांगितले आहे ते आधी करावे, फलक नंतर वाचावा. झटकन काढता येतील अशा चपला व सैल कपडे घालावेत आणि मुलांना अवश्य न्यावे, कारण ती बिचकत नाहीत. एका दिवसात सगळे उरकण्याचा हव्यास धरू नये.

मिरजेहून पूर्णा एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते, पण ती साप्ताहिक असल्याने आरक्षण लवकर करावे आणि परतीचा मेळ आधी बसवावा. उद्घाटनाच्या आठवड्यात जाणे टाळावे, कारण उद्घाटन ऐनवेळी लांबूही शकते: २०२२ ची आवृत्ती १२ डिसेंबरऐवजी २३ डिसेंबरला खुली झाली होती. जानेवारी-फेब्रुवारी बरा, दमट उकाडा तरीही असतोच. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्यापेक्षा बोटीने जाणे स्वस्त आणि सुखाचे आहे. फोर्ट कोची ते मट्टनचेरी हे अंतर शक्यतो पायी कापावे. आमच्या वेळी अर्जेंटिनाचे लेखक सर्जिओ चेहफेक यांच्या कादंबरीचे तुकडे शहराच्या भिंतींवर रंगवलेले होते आणि रिक्षातून जाणाऱ्यांना ते दिसले नाहीत. एर्नाकुलममधील दरबार हॉल त्या आवृत्तीत एक स्थळ होता. पुढेही तो यादीत असल्यास परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावा, कारण तेथून रेल्वे स्थानक जवळ पडते.