फळमाशी, गरम पाणी आणि आमचा हापूस

मे महिना लागला की पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन वाढतात आणि एका दमात दोन प्रश्न येतात. आंब्यात अळी निघणार नाही ना? आणि त्यासाठी काही औषध मारलेलं नाही ना? राजापूरच्या कातळावर आमची हापूसची कलमं आहेत आणि हे प्रश्न मी फार मनावर घेते. उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी अळी येते कुठून ते. फळमाशीची मादी तयार होत आलेल्या फळाच्या सालीत टोच मारून आत अंडी घालते. भोक इतकं बारीक की काढणीच्या घाईत मुरलेल्या गड्यालाही दिसत नाही. एक-दोन दिवसांत अळी निघते, आठवडाभर गर खाते, मग फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि कोष करते. म्हणजे झेल्यातून अलगद उतरवलेला, डेख शाबूत असलेला, एकही डाग नसलेला आंबासुद्धा पोटात अंडी घेऊन पेटीत जाऊ शकतो. काढणीनंतर वरून काही फवारणं फुकट. औषध सालीवर राहतं, अळी गरात असते.

पूर्वी यावर विषारी वायूची धुरी देत. त्यातल्या इथिलीन डायब्रोमाईडने कर्करोगाचा धोका दिसला, तेव्हा १९८० च्या दशकात अमेरिकेने ते बंद केलं. मिथाईल ब्रोमाईड ओझोनच्या थराला मारक, म्हणून मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर बंधनं आली. धुरी गेल्यावर अमेरिकेला आंबा पाठवणाऱ्या मेक्सिकोने गरम पाण्याची वाट धरली: ४६.१ अंशांचं पाणी, आणि जात व वजन पाहून ६५ ते ११० मिनिटं.

आपल्याकडे हा विषय घराघरांत पोचला तो २०१४ मध्ये. त्याआधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये किडी सापडल्या आणि १ मेपासून युरोपने आंबा बंद केला. सोबत अळू, कारली, वांगी, पडवळही. ऐन हंगामात! त्या वर्षी भाव कसे कोसळले ते कोकणातल्या कोणालाही विचारा. पुढच्या जानेवारीत आंब्यावरची बंदी उठवायचं ठरलं. त्यानंतर युरोपला जाणारा हापूस ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं बुडवून निघतो. त्यात औषधाचा थेंब नसतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी कसोटी त्या अंशांत आहे. अळीला ४८ अंश सोसत नाहीत, फळाला सोसतात, तेही जेमतेम. पाणी जास्त तापलं तर साल भाजते आणि गर नीट पिकत नाही. कमी तापलं तर बाठ्याजवळची अळी जगते, कारण ऊब गरातून फार सावकाश आत जाते. म्हणून एका खेपेत सारख्याच वजनाची फळं हवीत, पाणी सतत फिरतं हवं आणि तापमापी विश्वासाची हवी. कोवळा उतरवलेला आंबा तर या पाण्यात हमखास खराब होतो. अशा फळाला पाण्यात घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जपानने २००६ मध्ये आपला आंबा घ्यायला सुरुवात केली, ती वाफेच्या प्रक्रियेवर. गरम दमट हवेत फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.५ अंशांवर नेऊन २० मिनिटं तिथेच धरायचं. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडलं ते विकिरणावर. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प आधी कांद्यासाठी उभा राहिला होता, तिथे आंब्याच्या पेट्या जाऊ लागल्या. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण, मात्रा किमान ४०० ग्रे. यात अळी लगेच मरेलच असं नाही, पण तिचा वंश पुढे चालत नाही. बाठ्यात दडलेल्या भुंग्यालाही किरण गाठतात. विकिरण म्हटलं की लोक बिचकतात, पण क्ष-किरण तपासणीनंतर आपण जसे किरणोत्सारी होत नाही, तसं फळही होत नाही. वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रात आता या तिन्ही सोयी आहेत.

पण पुण्याला येणारी माझी पेटी यातल्या कशातूनही गेलेली नसते. ती स्वच्छ ठेवायची तर काम बागेतच करावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे मी हेक्टरी ४ या हिशेबाने लावते. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाने नर येतात आणि अडकतात. मादी येत नाही, म्हणून एका बागेने सापळे लावून भागत नाही, सगळ्या वाडीने लावायला हवेत. हात पोचतो तिथल्या फळांना कागदी पिशव्या बांधते. आणि पडीचा आंबा रोज वेचून दोन फूट खोल पुरते.

"वहिनी, खड्डा कशाला? गडग्यापलीकडे टाकतो की," तात्या म्हणाले होते.

"तात्या, माशीला गडगा अडवतो का?"

त्यानंतर कुदळ तेच आधी उचलतात. एका सडक्या फळातून किती माश्या उठतात हे बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

माझी एक इच्छा आहे. दोन-चार वाड्यांत मिळून गरम पाण्याची एक सामाईक टाकी असावी. बाहेर जाणाऱ्या आंब्याला मिळते ती काळजी घरच्या गिऱ्हाइकालाही मिळायला हवी. पैसे देऊन विश्वासाने घेणारा तोच आहे, दरवर्षी.

तोवर माझा नियम साधा आहे. पावसाळी हवा आली की माशी वाढते. पहिली दमदार सर पडली की मी पेट्या भरणं थांबवते, कितीही फोन आले तरी. नंतरचा आंबा घरातच चिरायचा, फोड अन् फोड बघायची आणि रस आटवून साठं (आंबापोळी) घालायची. साठं हवी असतील त्यांनी आत्ताच सांगून ठेवा.