पोर्शे ९११ एससी, नोंद सहावी: पाचवा गिअर शेजारच्याच्या गुडघ्यावर

मागच्या नोंदीत क्लचची केबल बदलून झाली होती आणि मी मोठ्या ऐटीत लिहून गेलो होतो की आता गिअर लोण्यासारखे पडतील. ते शब्द परत घेतो. केबल नवी आहे, क्लच नीट सुटतोय, तरी दुसरा गिअर कुरकुरतोच. पाचवा शोधायला हात शेजारी बसलेल्याच्या गुडघ्यापर्यंत जातो. रिव्हर्सची तर लॉटरीच. गेल्या आठवड्यात इथे जर्मनीत, लुडविग्सबुर्गच्या एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये चार वेळा प्रयत्न केला, पाचव्या वेळी मुकाट्याने उतरलो आणि गाडी हाताने मागे ढकलली. बघायला माणसं होतीच. गाडीच्या रंगाचं जर्मन नाव इंडिशरोट, म्हणजे 'भारतीय लाल', त्यामुळे देखावा अगदी रंगसंगतीत होता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी १९८२ ची, तीन लिटरचं इंजिन, २०४ अश्वशक्ती, आणि पाच गिअरांचा ९१५ गिअरबॉक्स. हा गिअरबॉक्स ९११ मध्ये १९७२ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत होता, पुढे जी-५० नावाचा नवा गिअरबॉक्स आला. गिअर नीट पडत नाहीत, ही ९१५ ची बदनामी जुनीच आहे. 'तो असाच असतो, सवय करून घ्या' हे मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. मीही वर्षभर सवय करून घेत होतो. आता वाटतं की त्यातली निम्मी बदनामी गिअरबॉक्सची नाहीच, ती मधल्या जोडणीची आहे.

इंजिन अगदी मागे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स, आणि गिअरचा दांडा पार पुढच्या दोन सीटच्या मध्ये. या दोघांची गाठ घालून देते ती मधल्या बोगद्यातून जाणारी एक लांब नळी. दांडा डावी-उजवीकडे नेला की ही नळी स्वतःभोवती फिरते, आणि पुढे-मागे केला की सरकते. फिरण्याने गल्ली ठरते: पहिला-दुसरा एका गल्लीत, तिसरा-चौथा मधल्या, पाचवा आणि रिव्हर्स उजवीकडच्या. सरकण्याने त्या गल्लीतलं घर ठरतं. आणखी एक गंमत म्हणजे दांडा मध्यावर टेकलेला असल्याने वरून पुढे ढकलला की खाली नळी मागे जाते. कागदावर काढून पाहिल्याशिवाय माझ्या डोक्यात हे बसलं नाही.

नळीच्या मागच्या टोकाला एक क्लॅम्प आहे, त्यावर तेराच्या पान्याचा एक नट. नळीचं फिरणं आणि सरकणं, दोन्हीची मांडणी हा एकच नट धरून ठेवतो. म्हणून तो सैल केला की एक दुखणं बरं होतं आणि दुसरं सुरू होतं. गल्ल्या सगळ्या एका बाजूला सरकल्या असतील तर फिरण्यात चूक आहे. दांडा पुढे ढकलून पडणारे तिन्ही गिअर (पहिला, तिसरा, पाचवा) घट्ट बसतात पण मागे ओढून पडणारे अर्धवट बसून सुटतात, किंवा याच्या उलट, तर लांबीत चूक आहे. माझ्याकडे दोन्ही.

शनिवार सकाळ. आधी क्लचवरचा संशय पुन्हा एकदा काढून टाकला. इंजिन चालू, क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबायचं, मग रिव्हर्स टाकायचा. क्लच पूर्ण सुटत नसेल तर दाते खरखरतात. माझ्याकडे खरखर नाही, गल्लीच सापडत नाही. म्हणजे केबल निर्दोष.

मागच्या छोट्या सीटच्या मध्ये, गालिच्याखाली, बोगद्यावर एक झाकण आहे. ते काढलं की जोडणीचा सांधा दिसतो. टॉर्च मारला तर तळाशी पिवळट भुसा पडलेला. तो भुसा म्हणजे सांध्यातले प्लास्टिकचे बुश (सांधा खुळखुळू नये म्हणून बसवलेल्या छोट्या नळकांड्या), किंवा त्यांचं जे काही उरलं होतं ते. नळी धरून हलवली तर पुढचा भाग हलतो, मागचा ढिम्म. अगदी खुळखुळा. मग पुढचं रबरी बूट आणि दांड्याचं घर उघडलं. दांड्याच्या तळाच्या गोळ्यावर जी प्लास्टिकची वाटी बसते, तिला आरपार चीर.

इथे थोडं रागावून लिहितो. मागच्या मालकाने पावत्यांचं जाड बाड दिलं होतं. त्यात 'गिअर ॲडजस्टमेंट' तीनदा आहे, बुश एकदाही नाही. झिजलेल्या बुशवर ॲडजस्टमेंट करणं म्हणजे ढेकळावर रेघ मारणं. आज जुळवलं, उद्या हललं. पुण्यात नाना पेठेतले आमचे मिस्त्री स्कूटरचा गिअर बसेना तर आधी हँडलचं सगळं ढिलेपण हाताने चाचपायचे, केबलला हात नंतर. ते बघतच मोठा झालो आणि तरी वर्षभर इथे केबलीच बदलत बसलो.

सांधा बाहेर काढताना गिअरबॉक्सच्या बाजूला निमुळत्या टोकाचा एक स्क्रू लागतो, त्याला तारेने बांधलेलं असतं. तार कापली, स्क्रू सुटला. क्लॅम्पच्या नटने मात्र दगा दिला. बोटांतून निसटला आणि थेट बोगद्यात. त्याच बोगद्यातून क्लचची केबल जाते, ॲक्सिलरेटरची दांडीही जाते, त्यामुळे 'राहू दे तिथेच' म्हणायची सोय नाही. लवचिक दांडीचं चुंबक घालून अर्धा तास मासेमारी केली. पहिल्यांदा वर आलं ते युरोच्या आधीच्या जर्मन चलनातलं दहा फेनिगचं नाणं! पितळी दिसतं पण आतून पोलाद, म्हणून चुंबकाला चिकटलं. २००२ च्या आधी कधीतरी कुणाच्या तरी खिशातून पडलं असणार. नट दुसऱ्या फेरीत आला. नाणं डॅशबोर्डवर ठेवलंय.

जुने बुश व्हाइसमध्ये सॉकेट लावून दाबून काढले, नवे तसेच बसवले. दांड्याखाली नवी वाटी. सगळ्याला सढळ हाताने ग्रीस. हे 'सढळ हाताने' लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

ठोकाठोकी जी काही होती ती शनिवारीच उरकावी लागली. इथे रविवारी हातोडा वाजला तर आधी शेजारच्या आजी खिडकीत येतात, मग घरमालकाची चिठ्ठी येते. रविवारी म्हणून शांततेतलं काम, म्हणजे मांडणी.

मागची दोन्ही चाकं स्टँडवर, पुढच्या चाकांना ठोकळे, इंजिन बंद. क्लॅम्प जुन्या खुणेवर हलका आवळून आधी नळीवर पांढऱ्या मार्करने एक आडवी आणि एक उभी रेघ मारली, परतीची वाट म्हणून. मग क्लॅम्प सैल. युक्ती एवढीच की दोन्ही टोकांना एकच ओळखीची जागा शोधायची. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून त्याच्या बाजूची दांडी पाचवा-रिव्हर्सच्या गल्लीच्या टोकापर्यंत हाताने फिरवली, आत अडेपर्यंत. पुढे बायकोने गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येच पण उजव्या गल्लीत धरून ठेवला. 'हलवू नकोस, हलवू नकोस' असं मी मागच्या सीटवर डोकं खाली पाय वर अशा अवस्थेतून ओरडत होतो. 'मी हलवतच नाहीये, तूच गाडी हलवतोयस,' हे तिकडून. नट आवळला.

उभ्या गाडीत इंजिन बंद असताना गिअर कधीकधी दात्यावर दाता येऊन अडतो. तेव्हा जोर करू नका. ती मागचं चाक हळूहळू फिरवायची आणि मी दांडा टाकायचो. पहिला, तिसरा, पाचवा छान. दुसरा आणि चौथा बसले, पण दांडा सीटला टेकेल इतका मागे. लांबीत चूक. सैल करून सूतभर सरकवलं. आता रिव्हर्स पडेना, कारण सरकवताना नळी किंचित फिरली होती. पुन्हा सैल. असं सात वेळा. सातव्यांदा सहाच्या सहा घरं सापडली आणि प्रत्येक गिअरमध्ये दांड्याला शेवटी थोडी सैल जागा उरली. ती उरायलाच हवी. गिअर पूर्ण बसायच्या आधीच दांडा त्याच्या घरात अडत असेल तर गिअर रस्त्यावर सुटणार.

संध्याकाळी रस्त्यावर काढली. गावाबाहेर पडेपर्यंत मी गाणं म्हणत होतो. एका सिग्नलला दुसरा टाकायला दांडा ओढला, तो मऊ मऊ होत तिसऱ्याच कुठल्या तरी जागी गेला. क्लॅम्प नळीवरून फिरला होता. पहिला नाही, दुसरा नाही, फक्त मधली गल्ली शिल्लक. तिसऱ्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडत, मागच्यांचे हॉर्न ऐकत घरी आणली. नव्या केबलचा आणि क्लचचा तो वास अजून नाकात आहे.

कारण उघडं होतं. सढळ हाताचं ग्रीस नळीवर पसरून क्लॅम्पच्या आत गेलं होतं. पुरणपोळीवर तूप शोभतं, क्लॅम्पमध्ये नाही. बुधवारी रात्री पुन्हा उघडलं, नळी आणि क्लॅम्पची आतली बाजू ब्रेक क्लीनरने कोरडी ठणठणीत पुसली. रविवारच्या सातव्या प्रयत्नानंतर नव्या खुणा करून ठेवल्या होत्या, त्यामुळे जुळवणी दहा मिनिटांत झाली. नट नवा घातला, निमुळत्या स्क्रूला नवी तार बांधली.

आज शनिवार, मधे साधारण दीडशे किलोमीटर झाले. पाचवा आता गुडघ्याच्या बराच अलीकडे आहे. रिव्हर्स त्याच पार्किंगमध्ये जाऊन मुद्दाम टाकून पाहिला, पहिल्या झटक्यात पडला. दुसरा सकाळच्या थंड तेलात अजून कुरकुरतो. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून, दोन बोटांनी नेला तर मुकाट जातो. घाईने ओढला तर ऐकवतो. ते दुखणं मात्र सिंक्रोचं, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या आतल्या कड्यांचं, जोडणीचं नाही. गिअरबॉक्स उघडेन तेव्हा बघू, आणि तो खर्च मी घरी अजून सांगितलेला नाही.

काही जणांनी छोट्या चालीचा शिफ्टर घालायला सुचवलं आहे. मी घालणार नाही. चाल कमी म्हणजे तेवढंच काम कमी अंतरात, म्हणजे हाताचा जोर जास्त, आणि तो जोर जाणार त्याच म्हाताऱ्या सिंक्रोवर. पुढच्या नोंदीत हीटरच्या केबली. डावीकडची गरम हवा गेला महिनाभर फक्त माझ्याच पायावर येते आहे.