आकडा २५५

दिवसा मी गाड्यांच्या वायरिंग हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यांवर, काम करतो. जानेवारी ते एप्रिल संध्याकाळ मात्र इथल्या, मिशिगनमधल्या एका हायस्कूलच्या रोबोट टीमची. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये मी त्यांचा इलेक्ट्रिकल मेंटर. ही गोष्ट २०२३ च्या मार्चमधली.

त्या वर्षीचा खेळ ‘चार्ज्ड अप’. पिवळे शंकू आणि जांभळे घन उचलून जाळीवर ठेवायचे. गोची अशी, की वस्तू पुरवणारा आपला ह्यूमन प्लेअर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मैदान ५४ फूट लांब, वर स्पीकरचा दणदणाट. आता शंकू हवा की घन, हे त्याला सांगणार कोण? बऱ्याच टीमनी रोबोटलाच पिवळे-जांभळे दिवे लावले. आमच्याही पोरांनी हट्ट धरला. नियमाने लागतो तो फक्त एक नारिंगी दिवा. बाकी सगळी हौस. मी ‘हो’ म्हटलं, कारण गणपतीच्या मखराला माळा सोडण्यात माझंही बालपण गेलंय.

पाच मीटरची पट्टी, १५० एलईडी. मुख्य कंट्रोलरकडून दोन वायरी दिवे चालवणाऱ्या एका छोट्या बोर्डाकडे, अर्डुइनो नॅनोकडे, त्या दोन वायरींवर चार अवस्था: आघाडीच्या रंगासाठी लाल किंवा निळा, शंकूसाठी पिवळा, घनासाठी जांभळा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्ट काढणारा रेग्युलेटर १० अँपिअरचा. पट्टी फ्रेमभोवती फिरवून शेपूट एलिव्हेटरच्या, म्हणजे वस्तू वर उचलणाऱ्या खांबाच्या, माथ्यावर नेलं. आदल्या रात्री वर्कशॉपमध्ये रोबोट असा झळकला की पोरांनी पन्नास फोटो काढले.

शनिवारी सकाळी पहिलाच सामना. लाल विरुद्ध निळी आघाडी, आम्ही लाल आघाडीत. ड्रायव्हरने घनाचं बटण दाबलं. पलीकडे आमचा प्लेअर दोन्ही हात पसरून उभा, काय देऊ म्हणून. मग त्याने अंदाजाने शंकू ठेवला. पुढच्या खेपेला शंकू हवा होता, तर घन. अडीच मिनिटांच्या सामन्यात अशा तीन चुका म्हणजे निकाल लागलाच.

पिटमध्ये, म्हणजे रोबोट दुरुस्तीच्या आमच्या जागेत, आल्या आल्या प्लेअर म्हणाला, मला सगळं लालच दिसत होतं.

पट्टी पुन्हा लावली. खाली, जिथे वायर जोडलेली, तिथे सुरेख जांभळा. वर जाता जाता गुलाबी आणि माथ्यावर चक्क लाल. पिवळाही वर नारिंगीकडे झुकलेला. मल्टीमीटर लावला: खाली ५.१ व्होल्ट, शेपटाला ३.६. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या गल्लीत मंडळाची माळ मीटरपासून लांब गेली की टोकाचे बल्ब मिणमिणायचे, तेच हे. पट्टीतलं तांबं कागदाइतकं पातळ, व्होल्टेज वाटेतच खातं. आणि पट्टीच्या प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक एलईडी; जांभळा बनतो लाल-निळ्यातून, पिवळा लाल-हिरव्यातून. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्याला-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. व्होल्टेज घसरलं की आधी निळा-हिरवा मान टाकतात, लाल टिकून राहतो.

पण मग रात्री सगळं ठीक कसं होतं?

प्रोग्रामिंगवाली मुलगी, आमच्याच महाराष्ट्र मंडळातली, खाली मान घालून म्हणाली, “काका, इथे जिममध्ये लाइट खूप आहेत ना, म्हणून मी ब्राइटनेस ६० वरून २५५ केला. फक्त आकडाच बदलला.”

फक्त आकडा! २५५ म्हणजे दिवे पूर्ण ताकदीने. जांभळ्याला एका एलईडीमागे साधारण ४० मिलिअँपिअर. १५० चे झाले सहा अँपिअर, त्या कागदी तांब्यातून. तिला मी रागावलो नाही. एकाच टोकाला वीज जोडायला होकार माझाच होता, आणि पगार मला याच कामाचा मिळतो.

पुढच्या सामन्याला चाळीस मिनिटं. १८ गेजची जाड जोडी थेट शेपटापर्यंत नेली, दुसऱ्या टोकालाही वीज दिली, ब्राइटनेस ८० वर आणला. बदल केला म्हणून इन्स्पेक्टरला बोलावलं. बॅटरीची वीज फ्रेमला लागत नाही ना, हे बघायला त्यांनी बॅटरीच्या कनेक्टरपासून फ्रेमपर्यंत रोध मोजला. नियमाने १२० ओहमपेक्षा जास्त हवा, आमचा चार. घाईत सोल्डर केलेल्या ग्राउंडच्या वायरीची एक उघडी तार ॲल्युमिनियमच्या नळीला टेकली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच: दिव्यांच्या हौसेपायी अख्खा रोबोट बाहेर बसायची वेळ. तार कापली, नळी आणि पट्टीच्या मधे वीज अडवणारी कॅप्टॉन टेप घातली, पुन्हा मोजलं. पास. रोबोट रांगेत पोचला तेव्हा घोषणा सुरू झाली होती.

मी कठड्याशी उभा राहून रोबोटचा माथा तेवढा बघत होतो. जांभळा म्हणजे जांभळा. पलीकडून घन आला. पिवळा झाला, शंकू आला.

सामना संपल्यावर प्रेक्षकांतले एक पालक खाली आले आणि म्हणाले, “सकाळी लाइट काय मस्त होते! आता एवढे मंद का केले?”